मनगटातला जोर येतो कुठून?

अग्निवीर योजनेतील जनरल ड्युटी पदाच्या शारीरिक चाचणीला १०० गुण असतात. त्यांपैकी ६० गुण १.६ किलोमीटर धावण्याला आणि उरलेले ४० पुलअप्सना. दहा पुलअप्स काढणाऱ्या उमेदवाराला ४० पैकी ४० मिळतात. सहाच निघाले, तर गुण थेट १६ वर घसरतात. शेवटच्या चार पुलअप्सची किंमत २४ गुण, म्हणजे पुष्कळदा यादीत नाव असणे आणि नसणे एवढी असते.

वर्धा जिल्ह्यातील गावोगावी भरतीची तयारी करणारी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. धावण्याची तयारी अशी नेमाने होते. पुलअप्सची तयारी मात्र बहुधा दंडाची बेटकुळी फुगवण्यातच खर्ची पडते. दांड्याला लोंबकळल्यावर सातव्या-आठव्या खेपेला पाठ थकण्याआधी, दंड थकण्याआधी मूठ सुटते. दगा देतो तो कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग. शरीरशास्त्रात त्याला अग्रबाहू म्हणतात, व्यायामशाळेत सगळे 'फोरआर्म' म्हणतात आणि बोलीभाषेत त्याचे सारे श्रेय मनगटाला दिले जाते. 'मनगटाच्या जोरावर' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. वास्तविक मनगटात स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथून जातात त्या केवळ दोऱ्या.

कळसूत्री बाहुलीचा हात

हाताच्या बोटांची रचना कळसूत्री बाहुलीसारखी आहे. बाहुली खाली नाचते, तिला नाचवणारा हात पडद्यामागे वर असतो. त्याचप्रमाणे बोटे मिटवणारे आणि उघडणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या मांसल भागात आहेत. त्यांच्यापासून निघालेल्या लांब, चिवट कंडरा मनगटातून पुढे जाऊन बोटांच्या हाडांना जोडल्या जातात. तळहातात लहान स्नायू आहेत, पण त्यांचे काम मुख्यतः नाजूक हालचालींचे आहे. याचा पडताळा घेण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. उजव्या हाताची बोटे टेबलावर तबल्यासारखी वाजवावीत आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग चाचपावा. प्रत्येक बोटामागे त्वचेखाली काहीतरी सरकताना स्पष्ट जाणवते.

अग्रबाहूत असे सुमारे २० स्नायू आहेत. तळहाताच्या बाजूचे स्नायू बोटे व मनगट आत वळवतात. मागच्या, म्हणजे केसाळ बाजूचे स्नायू बोटे उघडतात आणि मनगट मागे उचलतात. तळहात पालथा-उताणा करणारे स्नायू वेगळे आहेत. स्क्रू पिळताना किंवा धुणे पिळताना तेच राबतात. अंगठ्याच्या बाजूला कोपराजवळ जो जाड उंचवटा दिसतो, तो स्नायू मात्र मनगटाच्या कामाचा नाहीच. तो कोपर वाकवतो. हात भरदार दिसण्यात त्याचा वाटा मोठा असतो आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. अंगठा वर ठेवून किंवा तळहात जमिनीकडे ठेवून वजन उचलल्यास त्याच्यावर ताण येतो; तळहात उताणा ठेवून उचलल्यास बरेचसे काम दंडच उरकून घेतो.

आणखी एक लहानसा प्रयोग करण्याजोगा आहे. मनगट पूर्णपणे आत वाकवून मूठ आवळण्याचा प्रयत्न करावा. मूठ नीट मिटतच नाही. आता मनगट किंचित मागे झुकवून मूठ आवळावी. पूर्ण जोर लागतो. मनगट आत वाकले की बोटे मिटवणाऱ्या स्नायूंची लांबी आधीच खर्च होते आणि ओढायला काही उरत नाही. म्हणून पकड पक्की हवी, तर मनगट मागे धरून ठेवणारे केसाळ बाजूचे स्नायूही तितकेच बळकट हवेत. केवळ मूठ आवळण्याचा व्यायाम करणारे येथेच चुकतात.

जाते, धार आणि पऱ्हाटी

अग्रबाहूचा व्यायाम ही वर्धेला नव्याने शिकण्याची गोष्ट नव्हे. येथे तो पिढ्यान् पिढ्या मजुरीच्या आणि घरकामाच्या रूपाने झाला आहे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि जे. सी. कुमारप्पा यांनी वाढवलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्धेच्या मगनवाडीत होते. हातचे दळण, हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल हे तेथील विषय. त्यामागील विचार अर्थकारणाचा आणि आहाराचा होता, बलोपासनेचा नव्हे. परंतु जात्याचा खुंटा धरून पायलीभर धान्य दळणाऱ्या बाईच्या मुठीला रोज जे काम पडे, ते आजच्या कोणत्याही यंत्राच्या तोडीचे होते. तिने त्याला व्यायाम म्हटले नाही, हे ओघानेच आले.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ गोवंशाचा. हाताने धार काढणे हे अग्रबाहूच्या श्रमाचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणता येईल. मुठीने धार काढण्याच्या पद्धतीत आधी अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग बंद करायचा आणि मग मधले, अनामिका, करंगळी अशी बोटे क्रमाने आवळत दूध खाली उतरवायचे. एकेक बोट स्वतंत्रपणे आणि क्रमाने आवळण्याचा हा सराव शेकडो वेळा, दोन्ही वेळ, बारा महिने चालतो. अंगठा मुडपून धार काढण्याची दुसरी पद्धत जनावराच्या सडाला इजा करते म्हणून ती टाळावी असे सांगितले जाते.

शेतातही हेच. कापसाचा हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटणे, विळ्याने तूर कापणे, फवारणीच्या पंपाचा दांडा तासन् तास हलवणे, पोत्याचे कान धरून पोते उचलणे, विहिरीवरून पाणी शेंदणे ही सारी मुठीची कामे आहेत. व्यायामशाळांत हल्ली दोन हातांत जड डंबेल घेऊन चालण्याचा व्यायाम लोकप्रिय झाला आहे. त्याचे इंग्रजी नाव 'फार्मर्स वॉक', म्हणजे शेतकऱ्याची चाल, असे आहे. शेतकऱ्याच्या मुलाने पैसे भरून शेतकऱ्यासारखे चालायला शिकावे, यातली गंमत सोडून देऊ.

तरीही एक प्रश्न उरतो. आयुष्यभर शेतात राबणाऱ्या माणसाचे हात टणक असतात, पण ते नेहमी जाड असतातच असे नाही. असे का? कारण निंदणाचा विळा वर्षानुवर्षे तेवढ्याच वजनाचा राहतो. स्नायूला तोच भार रोज हजार वेळा दिला, तर तो न थकता काम करायला शिकतो; आकाराने वाढण्यासाठी भार वाढत जावा लागतो. शिवाय वाढीसाठी पुरेसा आहार आणि विश्रांती लागते आणि मजुराच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी बेताच्याच येतात. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला संध्याकाळी मनगटाचा व्यायाम सुचवणे हा शहाणपणा नव्हे. तिच्या हाताला विसावा हवा असतो.

न थकणारा हात आणि जोरकस हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि थकवा तर हलक्या कामानेही येतो. ज्यांच्यामुळे सेवाग्रामचे नाव जगभर झाले, त्या गांधीजींनी १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. २७५ हस्तलिखित पानांपैकी सुमारे ४० पाने अशी डाव्या हाताची आहेत. लेखणीचे वजन ते किती! पण तेच स्नायू अखंड आवळलेले राहिले, की त्यांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि हात भरून येतो. दांड्याला लोंबकळणाऱ्या उमेदवाराचे नेमके हेच होते. फरक एवढाच, की त्याला हात बदलता येत नाही.

आखाड्याची शिकवण

वाढता भार, वेगवेगळ्या जाडीची पकड आणि सर्व दिशांनी हालचाल ही तत्त्वे आखाड्याने पूर्वीच हेरली होती. मुद्गल घ्या. चार किलोचा डंबेल हातात धरला, तर त्याचे वजन मुठीच्या दोन्ही अंगांना सारखे वाटलेले असते. चार किलोच्या मुद्गलाचे वजन मात्र मुठीपासून दूर, टोकाकडे असते. तो डोक्यामागून फिरवताना मनगटाला तरफेच्या विरुद्ध टोकाला झुंजावे लागते आणि तळहात पालथा-उताणा करणारे स्नायूही कामाला लागतात. करेला आणि गदा यांचेही तत्त्व हेच. मुद्गल किंचित खाली धरला की तो जड होतो, वर सरकवून धरला की हलका होतो. एकाच साधनात वजन कमी-जास्त करण्याची सोय झाली.

मल्लखांबाची गोष्ट याहून पुढची. पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल तेल चोपडतात, म्हणजे तो अंगाला सोलत नाही; पण त्यामुळे पकडही निसटती होते. घसरत्या, जाड खांबाला धरायचे तर बोटांवर विसंबून चालत नाही. तळहात, मनगट आणि सबंध अग्रबाहू खांबाला जखडावा लागतो. दोरीच्या मल्लखांबात उलट स्थिती असते, दोर बारीक आणि त्याला गाठ नाही. या विद्येच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते.

वर्धेला लागूनच असलेल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ही परंपरा विदर्भात रुजवली. मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. कुस्तीतील मनगटाचे महत्त्व तर सांगायलाच नको. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते कुस्तीत. आणि प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरणे व आपले सोडवून घेणे ही त्या खेळाची बाराखडीच आहे.

व्यायाम कोणता, किती?

पहिला मान लोंबकळण्याचा. भक्कम दांड्याला दोन्ही हातांनी लटकून २० ते ३० सेकंद राहावे, दोन मिनिटे थांबून पुन्हा लटकावे, असे तीन-चार वेळा. खांदे सैल सोडून न देता किंचित आखडून ठेवावेत. सलग एक मिनिट जमू लागले, की दांड्यावर जाड पंचा गुंडाळून पकड रुंद करावी किंवा दांड्यावरून टाकलेल्या पंचाची दोन टोके धरून लटकावे. भरतीच्या तयारीत याच्या जोडीला पुलअपच्या वरच्या टोकापासून पाच सेकंद मोजत सावकाश खाली उतरण्याचा सराव ठेवला, तर मूठ आणि पाठ एकत्र तयार होतात.

दुसरा वजन उचलून चालण्याचा. यासाठी पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्याही चालतात. पाठ ताठ, पावले लहान, अंतर ३०-४० पावले. बादलीच्या बारीक कडीला फडके गुंडाळल्यास बोटे कापत नाहीत आणि पकडही जाड होते. व्यायामशाळेत लोखंडी प्लेट बोटांच्या चिमटीत धरून उभे राहण्याचा प्रकार आहे. त्याने अंगठ्याचा जोर वाढतो. मूठ आवळणे, धरून ठेवणे आणि चिमटीत पकडणे ही पकडीची तीन वेगळी रूपे असून एकाच्या सरावाने दुसरे पूर्णपणे साधत नाही.

मनगटासाठी जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे मुठीत मावेल असा दांडा, त्याच्या मध्यावर बांधलेली तीन-चार फूट दोरी आणि दोरीच्या टोकाला दोनेक किलोचे वजन. हात समोर धरून दांडा पिळत वजन वर गुंडाळायचे आणि तितक्याच सावकाश खाली सोडायचे. दोन-तीन फेऱ्यांत हात पेटतो. याखेरीज मांडीवर किंवा बाकावर हात टेकवून हलक्या डंबेलने मनगट वर-खाली करावे; एकदा तळहात वर ठेवून, एकदा खाली ठेवून. दुसऱ्या प्रकारात वजन निम्मेच झेपते, याने नाउमेद होऊ नये. बोटे उघडण्याच्या सरावासाठी पाचही बोटांभोवती रबर अडकवून ती फाकवावीत किंवा तांदळाने भरलेल्या बादलीत हात खुपसून मूठ उघडावी.

हे सारे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मुख्य व्यायाम झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटे पुरे. आधीच मूठ थकवून मग जड वजन उचलायला जाणे हे उलटे गाडे होय. रोज केल्याने लवकर वाढ होते, हा समज खरा नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून. घेरात दिसण्याजोगा फरक पडायला दोन-तीन महिने सहज लागतात. फीत लावून मोजायचे असल्यास कोपर सरळ ठेवून सर्वांत जाड जागी, दर वेळी एकाच सुमारास मोजावे. व्यायामानंतर लगेच घेतलेले माप फसवे असते. जड वजनासाठी पट्टे वापरणाऱ्यांनी ते शेवटच्या एखाद-दुसऱ्या फेरीपुरते ठेवावेत. पट्ट्याने उचललेल्या वजनाचा मुठीला काही उपयोग नाही.

आनुवंशिकतेचा भाग मात्र मान्य करावाच लागतो. काहींचे स्नायू मनगटाच्या जवळपर्यंत मांसल असतात, काहींची कंडरा लांब आणि स्नायू आखूड असतो. हाडाची जाडी जन्मजात, पण अगदीच अपरिवर्तनीय नव्हे; लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवल्यावर मधोमध जी कंडरा उठून दिसते, ती काहींच्या हातात मुळातच नसते. ती नसल्याने पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, त्यामुळे कोणी चिंता करू नये. शल्यचिकित्सक तर गरज पडल्यास तीच काढून अन्यत्र बसवतात.

दुखणे कधी ऐकावे?

स्नायू लवकर बळावतो, कंडरा मागाहून. या अंतरात अपघात होतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकावर दुखू लागले आणि कपडे पिळताना किंवा भरलेला तांब्या उचलताना कळ आली, तर ते 'टेनिस एल्बो'चे लक्षण असू शकते. नाव टेनिसचे असले, तरी हे दुखणे बहुतांशी टेनिसचा चेंडूही न पाहिलेल्या माणसांना होते. सुतार, गवंडी, धुणी धुणाऱ्या बाया. भार कमी करून आणि हळूहळू पुन्हा वाढवून ते बहुधा बरे होते, मात्र महिने लागतात. दुखऱ्या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास काही आठवडे आराम पडतो. पण वर्षभराने पाहता इंजेक्शन न घेतलेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली असते, असे संशोधनात दिसून आले आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना रात्री मुंग्या येत असतील, तर प्रश्न मनगटात दबलेल्या नसेचा असू शकतो. तो व्यायामाने सोडवायला जाऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

पंजा लढवण्याबाबत एक सावधगिरी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रो पंजा लीगनंतर या खेळाकडे तरुणांचा ओढा वाढला आहे. पंजा लढवताना दंडाचे हाड पिळवटून मोडल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत पुष्कळ आहेत. शरीर एका दिशेला वळलेले आणि हात दुसऱ्या दिशेला राहिलेला, अशा स्थितीत हे घडते. नजर आणि खांदा आपल्या मुठीच्या समोर ठेवणे, हार दिसताच सोडून देणे, एवढी शिस्त नवशिक्याने पाळायलाच हवी. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून मूठ आवळू नये, कारण त्या क्षणी दाब झपाट्याने चढतो.

म्हाताऱ्या मुठीचे मोल

हा विषय केवळ भरतीच्या मुलांचा नाही. भारतासह १७ देशांतील सुमारे एक लाख ४० हजार लोकांच्या मुठीचा जोर मोजून केलेल्या आणि २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पकडीची ताकद दर पाच किलोने कमी असेल, तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त असतो. याचा अर्थ मूठ आवळल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. मुठीचा जोर हा सबंध शरीरातील स्नायूंच्या स्थितीचा आरसा आहे आणि तो मोजायला स्वस्त, सोपा आहे, एवढेच. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी भरल्यास ती दुर्बल मानली जाते. मोजण्याचे यंत्र जवळ नसले, तरी खुणा घरातच मिळतात: बरणीचे झाकण उघडत नाही, कुकर उचलताना हात थरथरतो, जिन्याचा कठडा धरूनही भरवसा वाटत नाही.

अशा वेळी साठी-सत्तरीतल्या माणसाने डंबेल आणायला धावण्याचे कारण नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भाजीची पिशवी दोन्ही हातांत वाटून चालत आणणे आणि आंघोळीनंतर ओला पंचा स्वतः पिळणे इतक्यावर सुरुवात करता येते. पिळताना एकदा उजवा हात पुढे, एकदा डावा, अशी दिशा बदलावी. नाहीतर अग्रबाहूचे निम्मे स्नायू रोज सुटीवरच राहतात.